चढावरची घंटी

भिंगरीच्या घरात उघडी अशी एकही वस्तू नव्हती. रेडिओला कव्हर, रिमोटला कव्हर, छत्रीच्या मुठीला कव्हर, शिवणयंत्राला तर उन्हाळ्याचं वेगळं आणि थंडीचं वेगळं. ज्या पेटीत ही जादा कव्हरं ठेवायची, तिलाही कव्हर. बाबांचा धंदाच तो. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. सोफे, खुर्च्या, मोटारींच्या सीट, दवाखान्यातली तपासणीची टेबलं, ज्याच्यावर म्हणून माणूस बसतो किंवा आडवा होतो त्या सगळ्याला ते कापड नाहीतर रेक्झिन चढवून द्यायचे. दिवसभर लोकांच्या वस्तू झाकून झाल्या की उरलेले तुकडे घेऊन ते स्वतःच्या घराच्या मागे लागायचे.

"या घरात मीच तेवढी मोकळी राहिलेय," आई म्हणायची. "तेही मी एका जागी बसत नाही म्हणून. माप घ्यायला सापडत नाही."

अशा घरात आत्याची बॅटरीची सायकल उघडी राहणं शक्यच नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती यांच्याच घरात वरच्या खोलीत राहायची आणि बेकरीत काम करायची. भल्या पहाटे सायकल घेऊन निघायचं, भट्टीतून निघालेले ब्रेड आणि बन मागच्या मोठ्या डब्यात भरायचे आणि दारोदार पोचवायचे, ही तिची फेरी. आधी दवाखाना, मग पोहण्याच्या तलावावरचं कँटीन, मग वसतिगृह, आणि सगळ्यात शेवटी टेकडीवरची घरं. तिथं बहुतेक म्हातारी माणसं राहायची. त्यांना ब्रेडइतकीच, खरं तर ब्रेडपेक्षा जास्त, आत्या हवी असायची. एक आजी रोज एकच बन घ्यायच्या आणि बदल्यात सगळ्या टेकडीच्या बातम्या द्यायच्या. आत्या म्हणायची, एवढ्या बातम्या ऐकून वर बनही खपतो, असा व्यवहार दुसरीकडे कुठं मिळणार.

टेकडीचा चढ भिंगरीच्या घरामागूनच वर जायचा आणि त्याचं टोक बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या डोक्यावर यायचं. तिथं पोचली की आत्या घंटी वाजवायची. घंटीलाही अर्थातच बाबांचं कव्हर होतं, त्यामुळे ती वाजली की कुणीतरी रजईत तोंड खुपसून खोकल्यासारखं वाटायचं. पण भिंगरीला अर्धवट झोपेतही तो खोकला बरोबर ओळखू यायचा. घंटी वाजली म्हणजे आत्या वर पोचली, आणि आता आपल्याला उठायला हरकत नाही.

मग एका सकाळी घंटी वाजलीच नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. भिंगरीला शाळेत जायला उशीर झाला, तेव्हा कुठं घरच्यांच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय.

"सायकल जड झालीय," आत्या पायरीवर बसून गुडघे चोळत म्हणाली. "पॅडल मारते तर वाटतं, मागनं कुणीतरी धरून ठेवलंय. चढावर उतरून ढकलत नेली. धाप लागली, मग घंटी वाजवायचं राहून गेलं."

"मोटर चालू होती?" भिंगरीनं विचारलं.

"हँडलवरच्या पडद्यावर दिवा होता, आकडे होते. म्हणजे असणार."

"मोटरचा आवाज येत होता?"

"डब्यात ट्रे खडखडतात, कानावर वारा, त्यावर तुझ्या बाबानं शिवलेली ही कानटोपी. मला माझी धापसुद्धा नीट ऐकू येत नाही."

भिंगरीनं हात मागे बांधले आणि सायकलभोवती एक फेरी मारली. ही तिची नवी सवय. शाळेत सायकल-दुरुस्तीचा वर्ग निघाला होता. त्यात ती आधी नुसते नटबोल्टचे पाने पुसायची, आणि मग एकदा तिनं मुख्याध्यापिकाबाईंच्या सायकलचं वाकडं झालेलं चाक एकएक तार ताणत, सैल करत असं सरळ केलं की बाई मैदानात दोन्ही हात सोडून एक चक्कर मारून आल्या. तेव्हापासून भिंगरी वर्गात शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आली होती, हात वर न करताच बोलायला लागली होती, आणि घरात कुठलीही वस्तू कुरकुरली की डॉक्टरसारखी तिच्याभोवती फिरायला लागली होती. आई म्हणायची, चपाती फुगली नाही तरी ही तिला उलटीपालटी करून निदान सांगते.

"आत्या," तिनं जाहीर केलं, "ही मी दुरुस्त करणार."

"कर बाई. पण आधी कव्हरं काढ. परवा माझ्या हातून सीटच्या कव्हराला ग्रीसचं एक बोट लागलं, तर तुझ्या बाबानं मला अख्खं जेवण होईपर्यंत ऐकवलं."

हा घरचा कायदाच होता. दुरुस्तीला हात लावण्याआधी कव्हरं उतरवायची. भिंगरीनं टिचटिच टिचटिच करत सगळी टिचबटणं उघडली. सीटचं कव्हर निघालं, पडद्याचं निघालं. त्याला बघण्यापुरती प्लास्टिकची खिडकी होती. घंटीचं निघालं. शेवटी हँडलच्या दोन्ही टोकांचे ते मोठे हातमोजे. पहाटेच्या थंडीत आत्याची बोटं काकडायची म्हणून बाबांनी ते आतून लोकर लावून शिवले होते. मूठ आणि ब्रेकचा दांडा दोन्ही आत जायचे, बाहेरून नुसता हात घालायचा. भिंगरीनं सगळ्यांच्या घड्या घालून पायरीवर ठेवल्या आणि कामाला लागली.

सायकल स्टँडवर चढवली. टायर दाबून पाहिले, टणक. मागचं चाक हातानं फिरवलं तर ते फिरतच राहिलं, भिंगरीला जांभई येईपर्यंत. चेनला तेल होतं. ब्रेकची पॅडं चकतीपासून छान लांब होती. पॅडल फिरवलं की मोटर गुणगुणायला लागायची, ब्रेकचा दांडा जरासा ओढला की लगेच गप्प बसायची, सोडला की पुन्हा गुणगुण. तसंच पाहिजे, या सायकलींमध्ये ब्रेक लागला की मोटरनं मधे बोलायचं नसतं. भिंगरीनं बॅटरी काढून मोटरची जोडणी सोडवली, तरी चाक तसंच मोकळं. पुन्हा जोडली, तरी मोकळं. मग तिनं सायकल गल्लीत काढली आणि एक चक्कर मारली. सायकल नुसती पळाली. कोपऱ्यावरच्या मांजराला उडी मारून बाजूला व्हावं लागलं.

"अगं, हिला काहीच झालेलं नाही," ती परत येऊन म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली आला होता.

"बरं," आत्या म्हणाली. तिचाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी रोजच्यासारखी सायकल सजवली. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. एकएक कव्हर झटकून चढवायचं, टिचबटणं लावायची, वरून हात फिरवायचा, दोन पावलं मागं जाऊन बघायचं. आत्या निघाली. घंटी वाजली नाही.

संध्याकाळी भिंगरीनं पुन्हा कव्हरं काढली, पुन्हा सगळं तपासलं. काहीच नाही. तिसऱ्या खेपेला तर तिनं पॅडलचा दांडा जिथं सायकलच्या पोटातून आरपार जातो तो भागही खोलून पाहिला. आतल्या गोळ्या इतक्या चकचकीत होत्या की त्यात तिला तिचंच गोंधळलेलं तोंड दिसलं.

शेवटी आत्यानं सायकल कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकूंकडे नेऊन ठेवली. नेताना कव्हरं अर्थातच घरी ठेवली, कारण काकूंच्या दुकानात दाराच्या कडीलासुद्धा ग्रीस असायचं. काकूंनी ती दुपारभर ठेवून घेतली आणि निरोप पाठवला, सायकल उत्तम आहे, मलाच विकत असाल तर सांगा.

त्या रात्री जेवताना आत्यानं पानातलं सगळं संपवलं, पाणी प्यायली, आणि मग अगदी सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "मी बेकरीच्या मालकीणबाईंशी बोललेय. सोमवारपासून मी दुकानात गल्ल्यावर बसणार. फेरी टेम्पोवाला करेल."

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला.

"असं का, ताई?"

"असं का म्हणजे काय. सायकलला काही झालेलं नाही, हे या तुझ्या इंजिनिअरबाईंनी सांगितलं. काकूंनी सांगितलं. मग उरलं काय? माझे गुडघे." आत्या हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर नीट बसलं नाही. "वय झालं, की वय झालं म्हणावं. उगाच सायकलला कशाला बोल लावायचा."

भिंगरीला ते पटेना. आत्या गल्ल्यावर? ज्या आत्याला सिनेमासुद्धा मध्यंतरापर्यंत बसून बघवत नाही, ती दिवसभर स्टुलावर बसून सुट्टे पैसे मोजणार? आणि हे सगळं आपल्या शब्दावरून. सायकल ठीक आहे असं आपणच तर सांगितलं. म्हणजे गुडघे बिघडले असंही आपणच सांगितलं.

"आत्या, रविवारी मी तुझ्याबरोबर येते," ती म्हणाली. "फेरीला."

"शेवटच्या दिवशी निरोप द्यायला?"

"तपासायला. मी सायकल अंगणात तपासली. ती अंगणात जड होतच नाही. ती रस्त्यावर जड होते. मग तिथंच बघायला पाहिजे."

"गुडघे पण रस्त्यावरच दुखतात, पोरी," आत्या म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

रविवारी पहाटे बाबांनी सायकल इतकी मन लावून सजवली की जणू तिची पाठवणी होती. हातमोज्यांवरून दोनदा हात फिरवला. "बघ ताई, एक सुरकुती दाखव," ते म्हणाले. आत्यानं काही दाखवलं नाही. मालकीणबाईंशी ठरल्याप्रमाणे ही तिची शेवटची फेरी होती, आणि तिचं लक्ष सुरकुत्यांकडे नव्हतं.

भिंगरी आपली साधी गिअरची सायकल घेऊन मागोमाग निघाली. दवाखान्याच्या मागच्या दारात आचारी वाट बघत उभा होता. "आत्याबाई, टेम्पोवाला मला मध्ये ठेवलेला मऊ ब्रेड देईल का, की वरचा देईल?" त्यानं विचारलं. आत्या म्हणाली, "वरचा देईल. भांडायला शीक." कँटीनवाली तर बोललीच नाही, तिनं ट्रे हातातून ओढून घेतला आणि आत निघून गेली. आत्या म्हणाली, "रुसलीय." मग थोड्या वेळानं, वसतिगृहाच्या वळणावर, उगाचच पुन्हा म्हणाली, "रुसलीय हं ती."

सपाट रस्त्यावरही आत्या मागं पडत होती. भिंगरी थांबायची, आत्या यायची, लालबुंद. आणि मग आला चढ.

"मी उतरते," आत्या म्हणाली.

"थांब. आपण सायकली बदलू. तू माझी घे."

"तुझी? तिला मोटर नाही, काही नाही."

"तिला डबाही नाही. चल, बस तर खरी. नाही जमलं तर ढकल."

भिंगरी आत्याच्या सायकलवर बसली. हात मोज्यांमध्ये घातले. आत मऊ, ऊबदार, बाबांच्या दुकानाचा वास. पॅडलवर पाय ठेवला, जोर लावला, आणि तिला वाटलं की आपण चिखलात रुतलोय. तिनं उभं राहून पॅडल मारलं. सायकल जरा सरकली. पुन्हा जोर लावला. आणखी जरा. भिंगरीच्या मांड्या पेटल्या, कानशिलं गरम झाली, आणि हे सगळं पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंतच. तिच्या गुडघ्यांना कुणी म्हातारं म्हणणं शक्य नव्हतं. शाळेतल्या पळण्याच्या शर्यतीत ती कायम पहिल्या तिघींत असायची.

तेवढ्यात तिच्या बाजूनं काहीतरी सळसळत गेलं. आत्या होती. भिंगरीच्या सायकलवर, हलका गिअर टाकून, पाठ ताठ, कानटोपीचे बंद वाऱ्यावर. ती गेली ती थेट वर जाऊन थांबली, आणि मग एक पाय टेकून वळून बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्यासारखे भाव होते.

"हे काय झालं?" ती वरून ओरडून म्हणाली.

"तुझे गुडघे वर पोचले," भिंगरी खालून धापा टाकत म्हणाली. "सायकल इथंच राहिली. खाली ये."

आत्या उतारावरून खाली आली. भिंगरीनं तिला सायकलला हात लावू दिला नाही. शाळेतले सर दुरुस्तीच्या वर्गात पहिल्या दिवशी म्हणाले होते, बिघाड दिसला की आधी हात खिशात घालायचे आणि नुसतं बघायचं, हातांना नेहमी घाई असते. भिंगरीनं हात खिशात घातले. मग लगेच काढले, कारण सायकल स्टँडवर घ्यायची होती.

दोघींनी मिळून ती डब्यासकट स्टँडवर चढवली. भिंगरीनं मागचं चाक हातानं फिरवलं. खर्र. चाक अर्धा फेरा घेऊन थांबलं.

अंगणात हेच चाक थांबायचं नाव घेत नव्हतं.

"वजनानं," आत्या म्हणाली. "डबा भरलाय ना."

"चाक हवेत आहे, आत्या. वजन स्टँडवर आहे." तरी भिंगरीनं ट्रे काढून आत्याच्या हातात दिले. चाक फिरवलं. खर्र. "वजन नाही."

"मग थंडीनं आखडली असेल. माझ्यासारखी."

"काल संध्याकाळी पण थंडी होती. तेव्हा नाही आखडली." भिंगरी फेऱ्या मारायला लागली. हात मागे. "तीच सायकल. तेच चाक. तीच मी. अंगणात मोकळी, इथं जड. काय बदललं?"

"तू उगाच फिरतेस, मला चक्कर येतेय. काही बदललेलं नाही. फक्त तिथं ती नागडी होती आणि इथं कपडे घालून आलीय."

भिंगरी थांबली.

ती हळूच वाकली आणि डाव्या हातमोज्याकडे बघायला लागली. सुंदर बसला होता. मुठीवर, ब्रेकच्या दांड्यावर, एखाद्या नटीच्या हातावर बसावा तसा. एक सुरकुती नव्हती. तिनं एका हातानं चाक फिरवत ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मोज्याची टिचबटणं उघडली. टिच. खर्र. टिच. खर्र. टिच. मोजा सैल झाला, आतला ब्रेकचा दांडा किंचित पुढं सरकला, आणि चाक सुटलं. फिरलं. फिरतच राहिलं.

भिंगरीनं टिचबटणं पुन्हा लावली. खर्र. काढली. सुर्र. लावली. खर्र.

"मोजा ब्रेक ओढतोय," ती म्हणाली. "जरासाच. एवढासा. पॅड चकतीला टेकतंय तेवढ्यानं. आणि ब्रेक ओढला की मोटर काय करते?"

"काय करते?"

"गप्प बसते. तू इतके दिवस मोटरशिवाय, ब्रेक लावून, ब्रेडचा डबा घेऊन टेकडी चढत होतीस."

आत्या ट्रे हातात घेऊन उभी होती. तिनं ते हळूच रस्त्याच्या कठड्यावर ठेवले.

भिंगरीनं पडद्याचं कव्हर उचललं. प्लास्टिकच्या खिडकीची कड बाबांनी छान दुहेरी दुमडून शिवली होती, आणि त्या दुमडीखाली, अगदी कोपऱ्यात, ब्रेक लागल्याचं लाल चिन्ह शांतपणे जळत होतं. बिचारं इतके दिवस ओरडून सांगत होतं.

"पण हे मोजे तर थंडी सुरू झाल्यापासून आहेत," आत्या म्हणाली. "तेव्हा नाही जड झाली सायकल. हे आत्ता आत्ता..." आणि ती थांबली. तिनं कपाळाला हात लावला.

"काय गं?"

"मीच तुझ्या बाबाला म्हटलं होतं. सगळ्यांसमोर. तुझे मोजे ढगळ आहेत, सायकल हत्तीसारखी दिसते, कान हलवत जाते. तो काही बोलला नाही. तुला माहितेय ना, तो काही बोलला नाही की काय करतो."

"उसवतो आणि परत शिवतो."

"फिटिंगला घेतले त्यानं, आवळून घट्ट केले. मला न सांगता." आत्याचे खांदे हलायला लागले. भिंगरीला क्षणभर वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. तोसुद्धा आतून लोकर लावलेला."

"आणि मी रोज संध्याकाळी कव्हरं काढून, घडी घालून, बाजूला ठेवून मग बिघाड शोधत होते," भिंगरी म्हणाली. "बिघाडाची घडी घालत होते मी."

"काकूंकडेही मीच नागडी नेली."

आता दोघी हसत होत्या. वरच्या वळणावरच्या खिडकीतून त्या बातम्या देणाऱ्या आजींचं डोकं बाहेर आलं. "आज ब्रेड येणार आहे का, की नुसतं हसूच?" त्यांनी विचारलं.

भिंगरीनं दोन्ही मोजे काढून डब्यात टाकले. आत्या सायकलवर बसली. मोटर गुणगुणली, आणि आत्या चढावरून अशी गेली की भिंगरीला गाठायला जिवाचं रान करावं लागलं.

आता खरा अवघड भाग उरला होता, तो म्हणजे बाबा.

बाबा दुकानात एका मोठ्या खुर्चीच्या पोटात काथ्या भरत होते. भिंगरीनं सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, हात झटकले, गळ्यातली टेप काढली आणि ते अंगणात आले. मोजा चढवला. माप घेतलं. काढला, पुन्हा माप घेतलं.

"मोजा बरोबर आहे," ते म्हणाले. "एक दोराही इकडंतिकडं नाही. तुझा ब्रेकच मुळात जास्त बाहेर आलाय."

"बाबा, ब्रेकला बाहेर यायला लागतं. तो हलतो."

"सगळ्यालाच बाहेर यायला लागतं असं म्हटलं तर कव्हर घालायचं कशाला?"

"सोफा हलत नाही. खुर्ची हलत नाही. तुम्ही आजवर जे जे शिवलंत ते गप्प बसून राहतं. हा दांडा पुढंमागं होतो. त्याला आत थोडी रिकामी जागा पाहिजे." भिंगरीला वाटलं होतं आपला आवाज कापेल. कापला नाही. "हे बघा," असं म्हणून तिनं चाक फिरवलं आणि टिचबटणं लावली. खर्र.

बाबांनी स्वतः चाक फिरवलं. स्वतः बटणं लावली. काढली. खर्र, सुर्र. त्यांच्या कपाळावर पहिल्यांदाच एक सुरकुती उमटली.

"ताई," ते म्हणाले, "तू इतके दिवस ब्रेक लावून चढत होतीस?"

"तुझ्या हाताचं काम मजबूत आहे, हे पटलं मला," आत्या म्हणाली.

"मला वाटलं तुझे गुडघे..." ते एकदम पायरीवर बसले. मग खिशातून उसवायची छोटी सुरी काढली आणि मोज्याची शिवण तिथंच सोडवायला लागले. "ढगळ होतील हं. आधीच सांगतो. आणि नंतर कुणी हत्तीचं नाव काढायचं नाही."

"नाही काढणार. मला हत्ती आवडतात."

आई दारात उभी राहून ऐकत होती. "हलणाऱ्या वस्तूला कव्हर घालू नये," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं उगाच नाही हलत राहिले."

आत्यानं मालकीणबाईंना फोन लावला. बोलणं एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो... नाही, गुडघे ठणठणीत... अहो, कव्हर होतं... कव्हर, कव्हर... लांबलचक गोष्ट आहे, उद्या सांगते... टेम्पोवाल्याला काय सांगायचं? त्याला म्हणावं, गल्ल्यावर बस, स्टूल चांगलं आहे." ती फोन ठेवून वर गेली आणि तिच्या खोलीतून काहीतरी गुणगुणल्याचा आवाज आला. मोटर नव्हती.

सोमवारी पहाटे बाबांनी पुन्हा सायकल सजवली. नवे मोजे मोठे होते, खरंच हत्तीच्या कानांसारखे, आणि आत इतकी जागा होती की ब्रेकचा दांडा हवा तसा आळोखेपिळोखे देऊ शकत होता. पडद्याच्या खिडकीची कड त्यांनी अरुंद केली होती. मोज्यांवर, मुठीपाशी, दोन ठळक सुरकुत्या पडल्या होत्या. बाबांनी त्यांच्यावर हात फिरवला. सुरकुत्या गेल्या नाहीत. त्यांनी पुन्हा फिरवला, मग दोन्ही हात काखेत घालून घट्ट दाबून धरले.

"निघू?" आत्या म्हणाली.

"निघ," बाबा दुसरीकडे बघत म्हणाले. भिंगरी हँडलपाशी जरा घुटमळली आणि कुठंतरी हळूच टिच झालं.

भिंगरी त्या दिवशी अंथरुणात वाट बघत पडली नाही. ती स्वयंपाकघरात बाबांसमोर चहा घेऊन बसली. आईनं बाबांपुढं नाश्ता ठेवला. बाबांचं नाश्त्याकडे लक्ष नव्हतं. त्यांचे कान खिडकीला लागले होते. बाहेर उजाडायला लागलं. चढावरून काहीतरी गुणगुणत वर जात होतं, एका लयीत, मध्ये न थांबता, वर, आणखी वर.

आणि मग टेकडीच्या टोकावरून घंटी वाजली. ट्रिंग ट्रिंग, खणखणीत, लख्ख, सगळ्या गल्लीतली कुत्री जागी होतील अशी. इतकी वर्षं त्या घंटीचा असा आवाज आहे, हे घरात कुणाला माहीतच नव्हतं.

बाबांनी कप खाली ठेवला.

"घंटीचं कव्हर कुणी काढलं?"

भिंगरी चहात बघत राहिली. आईनं नुसती मान पुढं करून बाबांच्या बशीकडे खूण केली. बशीत उकडलेलं अंडं उभं होतं, आणि त्याच्यावर घंटीचं कव्हर चढवलेलं होतं. मऊ, ऊबदार, मापात. बाबांनी ते निरखून पाहिलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं.

एकही सुरकुती नव्हती.